न थांबणारी डोकेदुखी आणि उतरलेला सीडी४: मेंदूच्या बुरशीत घरच्यांनी काय काय करायचं

“मॅडम, फाट्यावर उभी राहिले की एकाच एसटीच्या दोन पाट्या दिसतात.”

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या माझ्या टेबलासमोर बसलेली ताई हे उठता उठता बोलली. शिवणकाम करणारी, वय चाळिशीच्या आत. तीन आठवडे डोकं दुखत होतं. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एआरटीच्या गोळ्या तिने वर्षभर सोडलेल्या होत्या, पण हे ना पित्तावर औषध देणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं, ना चष्मेवाल्याला. गावातल्या डॉक्टरला एचआयव्ही सांगायचा म्हणजे गावाला सांगायचा, अशी तिची भीती होती आणि ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तिचा सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, आला ४१.

तिला होता क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, म्हणजे क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मेंदूत बुरशी शिरली असेल, तर बहुतेक वेळा ती हीच असते. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यातले १ लाख १२ हजार दगावतात. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंत जवळपास एक याचा. औषध मिळालं नाही तर यातून कोणी वाचत नाही. वेळेवर आणि नीट मिळालं, तर बहुतेक जण वाचतात.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण वॉर्डात रात्री स्टुलावर बसतो नातेवाईक, पाठीतलं पाणी काढायच्या सुईला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो नातेवाईक आणि घरी गेल्यावर गोळ्या मोजतो तोही नातेवाईकच. हा लेख त्याच्यासाठी आहे.

कोणाला धोका, आणि डोकेदुखी कधी साधी नसते

बुरशी हवेतून येते. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत, मातीत, झाडांच्या ढोलीत ती असते आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जाते. आपल्यापैकी कित्येकांनी ती कधी ना कधी ओढलेली असते आणि शरीराने ती तिथल्या तिथे दाबलेली असते. सीडी४ १०० च्या खाली गेला की पहारा सुटतो आणि ती रक्तातून मेंदूकडे जाते. १०० ते २०० च्या मध्येही हा आजार होतो, पण कमी. म्हणून दोन प्रकारच्या लोकांवर नजर ठेवायची: ज्यांना एचआयव्ही असल्याचं नुकतंच आणि उशिरा कळलंय ते, आणि ज्यांनी गोळ्या मध्येच सोडल्यात ते. माझ्या अनुभवात दुसऱ्या गटातले लोक जास्त लपतात. सेंटरला गेलं की ओरडा बसेल, या भीतीने ते डोकं दुखत असतानाही येत नाहीत.

ही डोकेदुखी एका रात्रीत येत नाही. हळूहळू चढते, आठवडा-दोन आठवडे रेंगाळते, गोळी घेतली की तासभर दबते आणि परत येते. सोबत बारीक ताप, उलट्या. मान ताठ होतेच असं नाही; मान वाकते म्हणून मेनिंजायटिस नाही, असं धरून चालू नका. पुढे एकाचे दोन दिसणं, धूसर दिसणं, कमी ऐकू येणं, विसरणं, असंबद्ध बोलणं, दिवसभर झोपून राहणं, फिट येणं. स्वभाव बदललेला घरच्यांना आधी कळतो. एका काकूंनी मला सांगितलं होतं, “ह्यांनी चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला.” डॉक्टरांना तपासणीत जे सापडायला वेळ लागला असता, ते या एका वाक्यात होतं.

पहिलं काम: सेंटरला जा आणि डोकेदुखीचं नाव घ्या

एचआयव्ही असलेल्या माणसाचं डोकं आठवड्याहून जास्त दुखत असेल, किंवा डोकेदुखीसोबत उलटी, दुहेरी दिसणं, गुंगी यातलं काहीही असेल, तर थेट एआरटी सेंटर किंवा सरकारी रुग्णालय गाठा. गुंगी किंवा फिट असेल तर सेंटर उघडायची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. एआरटी सेंटरची हिरवी पुस्तिका, जुने सीडी४ आणि व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती, याचे) कागद, चालू औषधांच्या पट्ट्या, सगळं एका पिशवीत घ्या. गोळ्या सोडल्या असतील तर किती महिने, ते खरं सांगा. ओरडा खाऊन घ्या, पण सांगा.

नव्याने निदान झालेल्यांसाठी आणखी एक. आता एचआयव्ही कळला की लगेच गोळ्या सुरू करायची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण डोकं दुखत असेल तर पहिली गोळी देण्याआधी मेंदूचं तपासायला हवं. का, ते पुढे येईल. रांग लांब असते, विचारायचं राहून जातं, म्हणून समुपदेशकाला आपणहून सांगा: “डोकं दुखतंय, इतक्या दिवसांपासून.”

इतर डॉक्टरांना एचआयव्ही सांगायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय आणि उपचार नाकारणं हा भेदभाव ठरवलाय. कायदा आहे म्हणून तोंडं बंद राहतात असं नाही, हे मलाही माहीत आहे. पण निदान डोकेदुखीवर उपचार करणाऱ्याला तरी हे माहीत असलंच पाहिजे. बंद दाराआड सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर पुस्तिका उघडून समोर ठेवा. अडचण आली तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

दुसरं काम: ‘क्रॅग’ मागा

बुरशीच्या पेशीभोवती एक चिकट वेष्टण असतं. त्याचे तुकडे रक्तात आणि मेंदूच्या पाण्यात सुटतात, तेच क्रॅग तपासणी पकडते. गरोदरपणाच्या पट्टीसारखीच पट्टी, थेंबभर रक्त किंवा सीरम, दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा की एक. लक्षणं दिसायच्या काही आठवडे आधीच ती रक्तात दिसू लागते, म्हणून सीडी४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची, डोकं दुखत नसलं तरी, ही तपासणी करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०० पर्यंतही करता येते. सगळ्या सेंटरला पट्टी शिल्लक असेलच असं नाही. नसेल तर “नाही” ऐकून परत फिरू नका, कुठे होईल ते विचारा. मेडिकल कॉलेजला चिठ्ठी मागा.

रक्तातली क्रॅग पॉझिटिव्ह आली म्हणजे मेंदूत बुरशी आहेच असं नव्हे. ते ठरतं पाठीच्या पाण्यावरून, कारण मेंदूभोवतीचं पाणीच खाली मणक्यात उतरलेलं असतं. आणि इथेच गाडी अडते.

तिसरं काम: पाठीतलं पाणी काढू द्या

त्या ताईचे दीर वॉर्डाच्या दारात आडवे उभे राहिले होते. “मॅडम, काय वाटेल ते करा, पण मणक्याला सुई लावू देणार नाही. आमच्या आळीतला एक जण मणक्यातलं पाणी काढल्यावर उठलाच नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माणूस तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू येतं. त्यातलं खरं एवढंच, की तो माणूस उठला नाही. पण बहुतेक वेळा तो पाणी काढण्याआधीच बेशुद्धीच्या काठावर असतो, कारण घरच्यांनी चार दिवस नकार दिलेला असतो. मग शेवटी सुई लागते, माणूस जातो आणि दोष सुईच्या नावावर चढतो.

मी दिरांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्यांच्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं. मज्जारज्जू इथे, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, कमरेच्या हाडांच्या रेषेत. तिथे फक्त सुटे मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. “भाऊ, त्या जागेवर बिघडवायला मज्जारज्जूच नाही.” ते म्हणाले, “आणि पाणी संपलं तर?” प्रश्न चांगला होता. मेंदू आणि मणक्यात मिळून साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं, आणि शरीर दिवसाला ते जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने बनवतं. डॉक्टरांनी २५ मिलिलिटर काढलं तर ते तास-सव्वा तासात परत भरतं.

पण मुद्दा याच्याही पुढचा आहे आणि तो कित्येकदा कोणी समजावून सांगत नाही. या आजारात पाणी काढणं ही नुसती तपासणी नाही, तो उपचार आहे. आपल्या मोरीचा विचार करा. नळ चालू आहे आणि जाळीत केस अडकलेत. पाणी येत राहणार, जायला वाट नाही, मोरी तुंबणार. मेंदूतलं पाणी जिथून रक्तात परत शोषलं जातं, ती जाळी ही बुरशी आणि तिचं चिकट वेष्टण बुजवून टाकतं. दाब वाढतो. डोकं फुटेल असं दुखतं, डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात, एसटीच्या पाट्या दोन होतात. दाब तसाच राहिला तर नजर कायमची जाऊ शकते आणि माणूसही. औषधाने बुरशी मरायला दिवस लागतात. दाब उतरवायला मात्र वीस मिनिटं पुरतात.

प्रत्यक्षात होतं असं. रुग्णाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. पोटात दुखल्यावर मूल झोपतं तसं. जागा बधिर करतात. सुई आत गेली की आधी दाब मोजायचा. दाब झोपलेल्या स्थितीतच नीट मोजला जातो, म्हणून बसवून पाणी काढत असतील तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, दाब मोजणार ना?” मोजायची खास नळी नसेल तर सलाईनची निर्जंतुक नळी उभी धरून पट्टीने मोजता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर तो २० च्या खाली येईपर्यंत, आणि फारच जास्त असेल तर निदान निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढतात. लक्षणं आणि वाढलेला दाब टिकून असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, दाब एकापेक्षा जास्त दिवस ठीक येईपर्यंत. “काल तर काढलं, आज परत कशाला?” याचं उत्तर नळ आणि जाळी.

त्या ताईचा पहिला दाब ३८ होता. पाणी काढून तासाभरात तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा “भूक लागली” म्हटलं. तिसऱ्या सुईच्या वेळी दीरच डॉक्टरांना विचारत होते, “आज किती आला?”

फिट आली असेल, एका बाजूची ताकद गेली असेल किंवा शुद्ध हरपलेली असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात, ते बरोबर आहे. पण स्कॅनची तारीख परवाची मिळत असेल तर तोवर उपचार थांबणार नाहीत ना, हे विचारा. आणि एकदा पाणी काढलंच आहे तर त्याच नमुन्यावर सगळं जाऊ द्या: क्रॅग, इंडिया इंक, बुरशीचं कल्चर आणि टीबीसाठी सीबीनॅट. इंडिया इंक म्हणजे काळ्या शाईत पाणी मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. शाईच्या काळोखात बुरशीभोवती पांढरं वलय उमटतं. चाचणी जुनी आणि स्वस्त, पण बुरशी कमी असेल तर चुकते. म्हणून ‘इंडिया इंक निगेटिव्ह’ एवढ्यावर समाधान मानू नका. टीबीचा मेनिंजायटिस आपल्याकडे भरपूर आहे आणि लक्षणं जुळी भावंडं वाटावीत इतकी सारखी; क्वचित दोन्ही एकत्रही असतात.

आणखी एक. दाब उतरवायला मॅनिटॉलची बाटली आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, ही आपल्याकडची सवयीची जोडी. डोक्याला मार लागला की मॅनिटॉल दिलेलं सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून इथेही नातेवाईकच मागतात. पण या आजारात मॅनिटॉलने हा दाब हटत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची तर आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत चाचणी झाली आणि त्याने नुकसान होतंय असं दिसल्यावर ती मध्येच थांबवावी लागली; निकाल २०१६ मध्ये आले. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये मात्र स्टेरॉइड देतात, म्हणूनच निदान पक्कं हवं.

चौथं काम: पहिले दोन आठवडे

महाराष्ट्राला ॲम्फोटेरिसिन हे नाव २०२१ च्या उन्हाळ्यात पाठ झालं. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते, तेच हे औषध. बुरशी वेगळी, औषध तेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या चाचणीनंतर पहिली पसंती दिली ती अशी: लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म वेष्टणात बंद केलेल्या) ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, आणि सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६०० मिलिग्रॅम, ५० च्या १२ बाटल्या, एकाच दिवशी. फ्लुसायटोसिन दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या १२ गोळ्या, दर सहा तासांनी तीन. रात्रीची पाळी चुकते, मोबाइलला गजर लावा. फ्लुकोनॅझोल दिवसाला १२०० मिलिग्रॅम. फ्लुसायटोसिन सगळीकडे पटकन मिळत नाही. ते नसेल तर डॉक्टर ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुकोनॅझोल दोन्ही दोन आठवडे चालवतात. साधं ॲम्फोटेरिसिन वापरायचं तर त्याचं वेळापत्रक वेगळं. नुसत्या फ्लुकोनॅझोलवर भागवणं मात्र शक्य तोवर टाळायचं. ते बुरशीला मारत नाही, फक्त दाबून धरतं.

बाहेरून औषध आणायची वेळ आली तर मेडिकलवर डोळे उघडे ठेवा. ‘साधं’ ॲम्फोटेरिसिन आणि ‘लायपोसोमल’ ही एकमेकांच्या जागी चालणारी औषधं नाहीत. साध्याचा डोस किलोला १ मिलिग्रॅम. लायपोसोमलचा त्याच्या कित्येक पट. चिठ्ठी लायपोसोमलची आणि हातात साधं, आणि ते त्याच मापाने चढलं, तर जीव जाऊ शकतो. बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी अक्षरन् अक्षर जुळवा, फोटो काढा, सिस्टरना दाखवा. “दादा, हे तेच आहे, कंपनी वेगळी” असं कोणी म्हणालं तर त्याचा फोन डॉक्टरांना जोडून द्या.

आपण बाटली लटकलेली दिसली की तिला सलाईन म्हणतो. इथे फरक पाळायचा. ॲम्फोटेरिसिनच्या आधी किडनी वाचवायला नॉर्मल सलाईनची, बहुधा पोटॅशियम घातलेली, लिटरभर बाटली जाते. पण ॲम्फोटेरिसिन स्वतः फक्त ५ टक्के ग्लुकोजमध्ये मिसळतात. नॉर्मल सलाईनमध्ये ते फाटतं. सिस्टरना हे माहीत असतं. तरी गडबडीच्या वॉर्डात हळू आवाजात विचारलं तर काही बिघडत नाही.

औषध चढताना थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप येतो. घाबरून बाटली बंद करू नका. सिस्टरला हाक मारा, त्या वेग कमी करतील, पॅरासिटामॉल देतील. पुढच्या डोसला जाड चादर आणून ठेवा. साध्या औषधात हा त्रास जास्त. खरी काळजी किडनीची आणि पोटॅशियमची. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा), पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन आठवड्यातून निदान दोनदा तपासायला हवं. फ्लुसायटोसिन चालू असेल तर पांढऱ्या पेशीही. पाय गळणं, गोळे येणं, छातीत धडधड, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघू नका. पोटॅशियमचं सिरप चवीला फार वाईट असतं, रुग्ण चुकवतात. भरपूर पाण्यात मिसळून, काही खाल्ल्यावर, थोडं थोडं द्या. शहाळं आणि केळी आणा, पण त्यावर हे भागत नाही.

एक शंभर पानी वही घ्या. रोजची तारीख घाला आणि खाली लिहा: डोकं दहापैकी किती दुखतंय, उलट्या किती, लघवी किती वेळा, दिसायला कसं, कोणतं औषध किती वाजता. पाणी काढलं त्या दिवशी दाबाचा आकडा. रक्ताचे आकडे. रात्रपाळीचे डॉक्टर बदलतात, वही बदलत नाही. एकदा नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरने वॉर्डाच्या केसपेपरऐवजी सरळ ही वही मागून घेतली होती, तेव्हा वहीचा मालक, दहावी नापास पोरगा, कॉलर ताठ करून उभा होता.

“मग एचआयव्हीचं औषध का देत नाहीत?”

साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी हा प्रश्न येतोच, आणि आवाज चढलेला असतो. एआरटी सुरू केली की काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती जागी होते. मेंदूत बुरशीचा ढीग पडलेला असताना ती जागी झाली, तर ती त्या ढिगावर तुटून पडते आणि सूज एकदम वाढते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पहिल्या एक-दोन आठवड्यांत एआरटी सुरू केलेल्यांमध्ये, पाच आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त मृत्यू झाले. म्हणून बुरशीचं औषध सुरू झाल्यापासून ४ ते ६ आठवडे थांबायचं. हे थांबणं ठरवून केलेलं आहे, ती हेळसांड नाही. जे आधीपासून नियमित एआरटी घेत होते त्यांचं गणित वेगळं. त्यांनी मनाने काही बंद करायचं नाही. एआरटीतलं टेनोफोविर आणि बुरशीचं ॲम्फोटेरिसिन, दोन्हींचा भार किडनीवर येतो, तेही डॉक्टर बघतात.

एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डोकेदुखी आणि ताप परत येऊ शकतात. बुरशी उलटली असेल किंवा जागी झालेली प्रतिकारशक्ती झगडत असेल. दोन्ही बाहेरून सारखं दिसतं आणि दोन्हीचा निवाडा पुन्हा पाठीच्या पाण्यावर होतो. एआरटी बंद करून घरी बसणं हा त्यावरचा उपाय नाही.

घरी आल्यावर

घरी आलं की माणूस बरा दिसतो आणि गोळ्या कंटाळवाण्या होतात. घोळ इथे होतो. दोन आठवड्यांनंतर फ्लुकोनॅझोल दिवसाला ८०० मिलिग्रॅम, आठ आठवडे. त्यानंतर २०० मिलिग्रॅम, निदान वर्षभर. सीडी४ वर चढलेला आणि व्हायरल लोड दबलेला दिसला की डॉक्टर बंद करतात, आपण नाही. गावच्या मेडिकलवर फ्लुकोनॅझोल म्हणजे गजकर्णाची १५० ची गोळी, आठवड्याला एक. “रोज एवढ्या? चुकून लिहिलंय,” असं म्हणून गोळ्या कमी दिल्याचं मी दोनदा पाहिलंय. चिठ्ठीवर आजाराचं नाव नको असेल तर डॉक्टरांकडून फक्त ‘रोज, इतके आठवडे, डोस बरोबर आहे’ असं लिहून घ्या.

फ्लुकोनॅझोल इतर औषधांशी भांडतं. टीबीचं रिफॅम्पिसिन त्याची ताकद कमी करतं. फिटचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि साखरेच्या काही गोळ्या यांची ताकद ते वाढवतं. साखर एकदम उतरू शकते. उलटीवरची डोमपेरिडोनसुद्धा विचारल्याशिवाय नको. बाईमाणूस असेल तर दिवस राहू नयेत याची सोय आधीच विचारून ठेवा, कारण इतक्या मोठ्या डोसने सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला अपाय होऊ शकतो.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ताट-वाटी वेगळी नको, मुलांना मांडीवर घेऊ द्या. कबुतरांचं विचाराल तर, एखादा कबुतरखाना काय किंवा आपल्या खिडकीवरची छज्जी काय, सीडी४ कमी असताना विष्ठा झाडण्याचं काम त्या माणसाने करू नये, दुसऱ्याने पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून करावं. पण कबुतरं हाकलली म्हणजे आजार टळला असं नाही; टळतो तो सीडी४ वर ठेवून. नजर पूर्ण येईपर्यंत गाडी चालवू नये, आणि महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. काहींची नजर हळूहळू येते, काहींची अर्धवट राहते. ताईची दुहेरी नजर तीन महिन्यांनी गेली.

आणि एक, यावरून हमखास रडारड होते. क्रॅगची तपासणी उपचारानंतरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, कारण मेलेल्या बुरशीचं वेष्टणही तीत दिसतं. बरं झालं का हे बघायला ती पुन्हा करायची नसते. ताईने सहा महिन्यांनी स्वतःहून खाजगी लॅबमध्ये ती करून घेतली आणि रिपोर्ट घेऊन रात्री साडेनऊला फोन केला. मी विचारलं, डोकं दुखतंय? नाही. उलटी? नाही. एसटीच्या पाट्या किती? एकच, म्हणाली. मग तो कागद वहीत घालून ठेवा आणि ठरल्या तारखेला या, म्हटलं.